दोरीवरची ओवी

"मपला कंदील कुनी हलवला?"

सगुणाबाईनं दाराआडची खुंटी पुन्हा चाचपली. खुंटी रिकामी होती. काजळीनं भिंतीवर उमटलेलं काळं वर्तुळ तेवढं जागेवर होतं. तिनं उतरंडीमागं पाहिलं, जात्यावरचं पोतं उचलून पाहिलं. सून रुख्मिणी चुलीपुढं भाकरी थापत होती, आणि काही केल्या भाकरीवरची नजर काढत नव्हती.

"रुख्मिणी, तुला इचारायलेय मी."

"मला काय म्हाईत, आत्याबाई?"

"भुजंगानं लपवाय सांगितला न्हवं?"

रुख्मिणीनं तव्यावरची भाकरी उलटली. "त्ये म्हनले, मायला आज तिकडं येऊ देऊ नगं. लोकं हसत्यात. आन् तिथं दिव्याचं काम न्हाई म्हनले."

"भोक हाय का तिथं? मानूस उतरनार हाय का त्यात?"

"हाय."

"मंग दिव्याचं काम हाय."

कंदील कणगीत सापडला, ज्वारीत गळ्यापर्यंत पुरलेला. सगुणाबाईनं तो उपसून काढला, पदरानं काच पुसली, हलवून रॉकेल किती आहे ते ऐकलं. वात खालीवर करून पाहिली. भाकरी खाऊन जा, असं रुख्मिणी म्हणाली, तोवर ती बोळाच्या तोंडाशी पोचलीसुद्धा.

भुजंग लहान होता तेव्हापासून या गावात पेवाचं तोंड उघडलं आणि सगुणाबाई तिथं नाही, असं कधी झालं नव्हतं. पिंगळी स्टेशनाच्या पलीकडचं, ओढ्याकाठचं हे गाव. पांढरीच्या चिवट मातीत घरोघरची पेवं होती. घागरीसारखी; तोंडाला अरुंद, पोटाला ऐसपैस. सुगीची ज्वारी त्यात भरायची, वर दगड ठेवून मातीनं लिंपायचं, आणि पुन्हा लागेल तेव्हा उघडायचं. दाणा आत जिवंत असतो, तो आतली हवा पिऊन टाकतो, असं जुनी माणसं सांगत. म्हणून पेव उघडलं की आधी त्यात कंदील सोडायचा. तेवत राहिला तर माणसानं उतरायचं. विझला तर थांबायचं, ओला पाला दोरीला बांधून वरखाली करायचा, पेवाला वारं पाजायचं.

सगुणाबाईचा नवरा उतरला त्या दिवशी कुणी कंदील सोडला नव्हता. पेव वरच्या आळीतल्या वाड्याचं, दिनकररावांच्या वडलांचं होतं. व्यापाऱ्याच्या गाड्या उभ्या होत्या, बैल जुंपलेले होते, आणि कंदील आणायला आता घरापर्यंत कोण जाणार, असं कुणीतरी म्हणालं. तिचा नवरा हसत हसत उतरला. वरची माणसं बाजारभावाच्या गोष्टी बोलत बसली. आतून आवाज येत नाही याचं कुणाला काही वाटलं नाही. बुडणारा माणूस हातपाय मारतो, पडणारा ओरडतो. पेवात माणूस नुसता झोपतो.

तेव्हापासून हा कंदील होता. कुणी बोलावो न बोलावो, ती जाऊन काठावर बसायची. कंदील सोडायची, वर ओढायची, पुन्हा सोडायची, आणि तिनं मान हलवल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. गाव तिला 'दिव्याची सगुणा' म्हणायचं. निम्मं कौतुकानं, निम्मं कुचेष्टेनं. नामांतराच्या दंग्यात वस्तीतली घरं जळाली, तिच्या घराच्या आढ्याचा कोळसा झाला. पुढच्याच उन्हाळ्यात वरच्या आळीत पेव उघडलं, तर ही बाई कंदील घेऊन हजर. शेजारची दगडाबाई तिला भर रस्त्यात अडवून म्हणाली होती, "ज्यायनी घरं जाळली त्यायची ज्वारी राखाय चाललीस व्हय गं भवाने?"

"ज्वारी गेली मसनात," सगुणाबाई म्हणाली होती. "उतरनारं लेकरू कोनाचं हाय, त्ये बघ जरा."

उतरणारा दगडाबाईचाच पुतण्या होता. दगडाबाई मुकाट्यानं तिच्यामागं गेली आणि पाला धरून बसली.

आता पेवं राहिली नव्हती. हायब्रीड ज्वारी पेवात टिकत नाही म्हणून लोक पोत्यात भरू लागले, पोती गोदामात जाऊ लागली. एकेक पेव उकिरड्यानं भरलं. कंदील खुंटीवर लटकून राहिला, आणि सगुणाबाईच्या जिवाला चैन पडेना. खुरपायला गेली तरी तिचं अर्धं मन गावाकडं असायचं; कुणी तिला न सांगता कुठलं तोंड उघडलं तर? आणि मग गावात नवी भोकं आली. गोबरगॅसची. पेवापेक्षा रुंद, विटांनी बांधलेली, वर लोखंडाची टोपी. ती बांधणारा मिस्त्री तिचाच लेक होता.

भुजंग मॅट्रिकला गटांगळी खाऊन घरी बसला होता. नामांतराच्या मोर्चात घोषणा देऊन घसा बसवून यायचा आणि आढ्याकडं बघत पडायचा. मग पंचायत समितीत गोबरगॅसच्या गवंड्यांचं ट्रेनिंग निघालं, आणि तिथून तो परत आला तो वेगळाच होऊन. हातात ओळंबा, तोंडात नवे शब्द. "माय, ह्येच्यात समदं हाय," तो म्हणायचा. "बाभळी वाचत्यात, बाईचे डोळे वाचत्यात, आन् शेनाचं खत आनखी कसदार होऊन बाहीर येतंय. काहीच वाया जात न्हाई." तालुक्यात लोक त्याला भुजंग मिस्त्री म्हणत. दिनकररावांच्या वाड्यात त्याला खाट टाकून बसवत. चहाचा कप अजून वेगळा होता, पण खाट होती. वस्तीत मात्र गॅस नव्हता. दोन शेळ्यांच्या लेंड्यांवर काय पेटणार?

माघाचं ऊन कोवळं होतं. दोन्ही अंगांना ज्वारीची कणसं दाण्यांनी जड झाली होती, बांधावरची करडई पिवळी फुलली होती. सगुणाबाईचं कशाकडंच लक्ष नव्हतं. ती चालत नव्हती, ढकलल्यासारखी जात होती. कंदील मांडीवर आपटत होता. अशा वेळी तिच्या तोंडात ओवी आपोआप यायची. गिरणी आल्यापासून जातं बंद होतं, पण ओवी बंद झाली नव्हती.

*खोल गं पेव बाई, पांढरीच्या मातीतलं*
*धनी गं बोलंना, बोल राहिलं छातीतलं*

भुजंग लहान असताना जात्याला टेकून बसायचा. बाप गेल्यावर त्याला झोप लागत नसे. ती पहिली ओळ म्हणायची, दुसरी तो म्हणायचा. ओळ चुकली तर ती जातं थांबवायची, म्हणून तो चुकत नसे.

दिनकररावांच्या मळ्यात लिंबाखाली गडबड चालली होती. आदल्या संध्याकाळी गोबरगॅसची लोखंडी टोपी तीन वाशांच्या तिकाटण्याला कप्पी बांधून उचलली होती आणि बाजूला कलती ठेवली होती. रात्रभर तोंड उघडं होतं. आतला पातळ राडा बादल्यांनी उपसून झाला होता. खाली गुडघाभर गाळ होता, आणि त्या गाळात कुठंतरी शेण आत येण्याचा पाइप बुजला होता.

"आली बघ," काठावर बसलेला सालगडी बन्सीधर म्हणाला. "म्या म्हनलो न्हवतो? वास लागतोय हिला."

दिनकरराव धोतराचा सोगा धरून फेऱ्या मारत होते. मुलीला पाहायला जालन्याचे पाहुणे दुपारच्या पॅसेंजरनं यायचे होते. महिनाभर गॅस पेटला नव्हता, आणि वाड्यात गॅसची शेगडी आहे हे त्यांनी पाहुण्यांना पत्रातच कळवून टाकलं होतं.

"सगुणे, बरं झालं आलीस," ते म्हणाले. "सांग तुझ्या पोराला, उतर म्हनावं झटक्यात. सकाळधरनं निस्तं बघायलाय आत."

"बघू द्या की मालक. उतरायचं त्येला हाय."

भुजंग काठावर उकिडवा बसून आत पाहत होता. त्यानं वळून पाहिलं. आधी आईकडं, मग तिच्या हातातल्या कंदिलाकडं. त्याचा चेहरा उतरला.

"माय, तुला येऊ नगं म्हनलो व्हतो."

"मी आले न्हाई. कंदील आलाय. त्येला सोडते, मंग जाते."

"इथं दिवा चालत न्हाई."

"पेवात चालतोय, इथं कामून न्हाई?"

"ही हवा येगळी हाय. पेवातली हवा दिव्याला मारती. ही हवा दिव्यानं पेटती. शेगडीत पेटती तीच ही." त्यानं आवाज खाली आणला, बन्सी कान देऊन ऐकत होता. "जरा दम धर. दुपार कलू दे. हवा निघून जाऊ दे. मंग उतरतो मी."

"दुपार?" दिनकरराव थबकले. "अरे, दुपारी पाहुने दारात येतेत! रात्रभर उघडं हाय. राहिली असंल कुठं हवा?"

"मालक, गाळात ऱ्हाती ती."

"तू मिस्त्री का भटजी रे? मुहूर्त काढायलास!"

बन्सी फिदीफिदी हसला. भुजंगच्या मानेची शीर ताठ झाली. सगुणाबाईनं ती शीर पाहिली. नवऱ्याची अशीच व्हायची. थांब म्हटलं की थांबणारा माणूस होता तो, पण कुणी हसलं की थांबत नसे.

भुजंग दोर आणायला गाडीकडं गेला. तेवढाच वेळ होता. सगुणाबाईच्या मनात एकच गोष्ट चालली होती. पोरगं आता रागाच्या भरात उतरणार. ट्रेनिंगवाल्यांनी काय सांगितलं ते सांगितलं. त्यांच्या घरचं कुणी पेवात झोपलं नव्हतं. तिनं पदराआड काडी ओढली, वात पेटवली, काच बसवली, कंदिलाच्या कडीत काठाशी पडलेली सुतळी अडकवली आणि काठाशी वाकून तो आत सोडला.

"माय!" भुजंग गाडीपासून ओरडला.

भप्पदिशी आवाज झाला. फार मोठा नव्हता. ओल्या घोंगडीनं कुणी भिंतीला झटका द्यावा तसा. निळी जीभ काठावरून वर आली, क्षणभर लिंबाच्या खालच्या पानांना चाटून गेली आणि नाहीशी झाली. सुतळी तुटून कंदील खाली गेला. सगुणाबाई मागं फेकली गेली तेव्हा तिच्या पदरानं पेट घेतला होता. भुजंग कसा आला, केव्हा आला, कुणाला कळलं नाही. त्यानं शेणकाल्याची अख्खी बादली तिच्यावर ओतली आणि दोन्ही हातांनी पदर चोळत राहिला.

"डोळे उघड. माय, डोळे उघड."

तिनं उघडले. भुवया गेल्या होत्या. कपाळावरच्या बटांचा जळका वास येत होता. उजव्या हाताच्या पाठीवर कातडं लाल झालं होतं. बाकी ती धड होती, डोक्यापासून पायापर्यंत शेणानं माखलेली. बन्सीला हसू येत होतं, पण त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"घरी ने हिला," दिनकरराव म्हणाले. "येडी का खुळी ही बाई? मळा जाळला असता मपला!"

वाड्याकडून कुसुमबाई पळत आल्या, दिनकररावांची बायको. त्यांनी घमेल्यातलं पाणी सगुणाबाईच्या हातावर सोडलं, वाड्यातून लोणी आणून लावलं, आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, "मळ्याचं काय घेऊन बसलात. मानूस वाचलं."

भुजंगनं नुसती रिकामी बादली उचलून बाजूला ठेवली. रागावला असता तर सगुणाबाईला बरं वाटलं असतं. ती लिंबाच्या बुंध्याला टेकून बसली. तिला राहून राहून एकच दिसत होतं. भुजंग शिडीवर अर्धा उतरलेला आहे, आणि आपण वरून कंदील सोडतोय. मायेनं सोडतोय. इतकी वर्षं ज्या उजेडाच्या भरवशावर ती माणसं खाली पाठवत आली, त्यानं आज पोराला वरच्या वर जाळलं असतं. तिचे हात मांडीवर नुसते पडले होते. त्यांना धरायला काही नव्हतं.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मंग कळायचं कसं?"

"काय?"

"दिवा न्हाई तर उतरावं का न उतरावं, कळायचं कसं? तुमच्या ट्रेनिंगात काय सांगितलं?"

भुजंग तिच्याजवळ येऊन बसला. "वारं घालायचं म्हनले. कोंबडी न्हाईतर कायतरी जितराब पाटीत घालून सोडायचं. कमरंला दोर बांधायचा, वर धरायला मानूस ठिवायचं. आन् आसपास इस्तू नगं."

"दोर कोन धरनार?"

"बन्सी."

सगुणाबाईनं मान वर केली. बन्सी काठावर पाय सोडून बसला होता. धास्ती घालवायला त्यानं कानावरची बिडी काढली होती आणि काडेपेटी शोधत होता. ती उठली कशी आणि पोचली कशी, तिलाच कळलं नाही. तिच्या शेणाच्या हाताचा फटका बसला आणि बिडी उडून बांधापलीकडं गेली.

"अगं ये! तुझ्या बापाची हाय का बिडी?"

"मुडद्या, आता माज्या भुवया गेल्या त्या दिसंनात का तुला? इस्तू काढतोस इथं?"

"घंट्यापूर्वी तूच कंदील सोडायलतीस की!"

"घंट्यापूर्वी मला म्हाईत न्हवतं. आता म्हाईत झालंय."

या वेळी भुजंग हसला. सकाळपासून पहिल्यांदाच.

मग कामाला ढंग आला. सगुणाबाईनं लिंबाच्या ओल्या डहाळ्यांचा भारा दोरीला बांधला. हे पेवाचं काम तिचं होतं, आणि भुजंगनं मान हलवून सांगितलं की हे इथंही चालतं. भारा खाली सोडायचा, वर ओढायचा. वारं आत, वाफ बाहेर. बन्सी आणि ती आळीपाळीनं दंड भरून येईपर्यंत ओढत राहिले. दिनकरराव मनगटावरच्या घड्याळाकडं बघून चुळबुळत होते. कुसुमबाईंनी खुराड्यातली तांबडी कोंबडी आणली. पाटीत बसवून तिला खाली सोडली, बरंच थांबून वर घेतली. कोंबडी आली ती सगळ्यांना शिव्या घालतच आली आणि पाटीतून उडी मारून दिनकररावांच्या धोतरावर शिटून पळाली.

"चांगली हाय म्हनायची हवा," बन्सी म्हणाला.

"झालं तर मग," दिनकरराव धोतर झटकत म्हणाले. "उतर आता."

"पाहुने चुलीवरचा चहा पित्यात," कुसुमबाई म्हणाल्या. "त्यायला काय धुराची बाधा होती का? इतकी वरसं माज्या डोळ्यांतून पानी गेलं, आजच्याला आनखी जाईल. त्याच्या मागं लागू नका."

दिनकरराव काठावरून मागं सरले. भुजंगनं दोराचं टोक काखेखालून घेऊन छातीशी गाठ मारली, दोर कप्पीवरून घेतला. दुसरं टोक बन्सीकडं जाण्याआधी सगुणाबाईनं ते आपल्याकडं ओढून घेतलं. लिंबाच्या बुंध्याला एक वेढा दिला, मग आपल्या कमरेला एक. बन्सीला तिनं मागं उभं केलं.

"भुजंगा, आत गेल्यावर बोलत ऱ्हायचं."

"काय बोलू?"

"काहीबी. माज्या कानावर पडत ऱ्हावं. तुझा बा बोलला न्हाई म्हनून गेला. कोंबडीनं मघाशी सांगितलं, त्ये मघाचं झालं. आत्ताचं मला कोन सांगनार?"

"आता एकटाच काय बडबड करू मी गाळात?"

"ओवी म्हन. मी पैली वळ म्हनते, दुसरी तू म्हन."

भुजंग लाजला. दिनकरराव होते, कुसुमबाई होत्या, आणि तो मिस्त्री होता. "माय, काहीतरीच."

"मंग मी दोर सोडीत न्हाई."

तो उतरला. शिडीच्या पायऱ्यांवर त्याचे पाय वाजत गेले, मग गाळात डुबुक आवाज आला. सगुणाबाईनं डोळे मिटले. सगळा जीव कानात आणि तळव्यात आणला.

*पहाटच्या पारामधी, कुनी जातं मांडीयलं*

खाली क्षणभर काही नाही. मग विटांच्या विहिरीतून घोगरा, अवघडलेला आवाज आला.

*माज्या गं माउलीनं, पीठ चांदनं सांडीयलं*

बन्सी खिंकाळला. कुसुमबाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो खोकल्याचं निमित्त करून गप्प बसला. बादली भरून वर आली. गाळ, कडब्याचे तुकडे, वाळू. "गोठ्यातलं झाडलेलं समदं आत घालायले व्हय रे?" भुजंग खालून ओरडला. "शेन घाला म्हनलो व्हतो, उकिरडा न्हवं!" दिनकररावांनी बन्सीकडं पाहिलं. बन्सीनं आभाळाकडं पाहिलं.

*वाटंवरल्या बाभळी, तुझा काटा गं बोचरा*

*लेक माझा अनवानी, तरी चालं गं हासरा*

दुसरी बादली आली, तिसरी आली. एका बादलीत काच फुटलेला, शेणानं भरलेला कंदील होता. बन्सीनं तो तिच्यापुढं ठेवला. तिनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. दोर तिच्या हातात जिवंत होता. पोरगं वाकलं की सैल, उठलं की ताठ. भुजंगची भीड आता चेपली होती.

*लिंबाच्या सावलीला, कोन दोरी वढायला*

*बन्सी बसला कडंला, बिडीवाचून रडायला*

यावर दिनकररावसुद्धा हसले. "अरे वा, मिस्त्री!" ते काठाशी आले. "पाइप लागला का?"

"लागला!" खालून आवाज आला. "मोठा गठ्ठा हाय. कुदळीनं हलवतो."

कुदळीचे घाव ऐकू येऊ लागले. गाळ उलटल्याचा चुबुक चुबुक आवाज. एक कडू वास वर आला, सडक्या अंड्यासारखा, आणि लगेच मावळला. सगुणाबाईनं ओळ घातली.

*जातं माझं घरघर, पीठ पडं भुरभुर*

खालून काही आलं नाही.

"काम करायलाय," बन्सी म्हणाला. "दम तर घेऊ दी त्येला."

सगुणाबाई थांबली नाही. तिनं पुन्हा ओळ म्हटली नाही, हाक मारली नाही, काठावर जाऊन वाकली नाही. दोर तिच्या तळव्यात सैल होता, आणि तो पोराच्या वाकण्याचा सैलपणा नव्हता.

"वढ!"

तिनं पाय लिंबाच्या मुळाला लावले आणि सगळं अंग मागं टाकलं. बन्सीनं ओढलं. दोर इंचानं सरकला आणि अडला. तिचा भाजलेला हात सोलून निघत होता. मग तिच्या हातांच्या पुढं आणखी दोन हात दोरावर आले, अंगठीचे. दिनकरराव धापा टाकत ओढत होते, "बाप्पा रे, बाप्पा रे," म्हणत होते, आणि त्यांच्या कोपरावर तिच्या हातांचं शेण लागत होतं. कप्पी किरकिरली. भुजंगचं डोकं काठावर आलं. मान एका बाजूला पडली होती. डोळे अर्धवट उघडे होते.

त्यांनी त्याला लिंबाखाली वाऱ्याला आडवा केला. कुसुमबाईंनी पदरानं वारा घातला. सगुणाबाई त्याच्या छातीवर कान ठेवून बसली होती. मग त्याच्या पोटातून एक उमाळा आला, तो कुशीला वळला आणि ओकला. पुष्कळ वेळ ओकला. रंग परत आला तेव्हा त्यानं सगळ्यांकडं नवल करून पाहिलं.

"काय झालं? मला वर कामून घेतलं?"

"तू बोलंना झालास."

"म्हनलो की मी," भुजंग म्हणाला. त्याचा आवाज जड होता, झोपेतल्यासारखा. "दुसरी वळ म्हनलो की."

"न्हाई म्हनलास, बाबा."

"म्हनलो, माय. मला ऐकू यायलती मपली मला."

सगुणाबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिला तेव्हा नवऱ्याची आठवण आली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं, कदाचित तोही म्हणत असेल. कदाचित त्यालाही ऐकू येत असेल.

"गाळ हलला का हवा सुटती," जरा वेळानं भुजंग विटांकडं बघत म्हणाला. "कोंबडी उतरली तव्हा हवा गाळातच व्हती. म्या उकरून काढली." मग स्वतःशीच बोलावं तसं, "मी आज ऱ्हायलो असतो, तर साऱ्या गावांनी हे गॅस बुजवले असते. पेवं बुजवली तसे."

त्या दिवशी पाइप तसाच राहिला. दिनकररावांनी आता उतर म्हटलं नाही. त्यांनी धोतर बदललं नाही, तसेच स्टेशनाकडं गाडी घेऊन गेले. वाड्यात चूल पेटली. निघताना कुसुमबाईंनी मायलेकांना चहा दिला, घरातल्या कपांतून.

घरी आल्यावर रुख्मिणीनं सासूच्या भुवया पाहिल्या, नवऱ्याचा चेहरा पाहिला, आणि भुजंगनं उचलून आणलेला कंदील राखेनं घासायला बसली. कडी वाकली होती, काच नव्हती. घासून लखलखीत करून तिनं तो खुंटीवर, त्या काळ्या वर्तुळावर अडकवला.

"बाजारच्या दिवशी काच आनते, आत्याबाई."

"आन," सगुणाबाई म्हणाली. "घरात लागतो उजेड."

दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आलं, तरी ती जागची हलली नाही. भुजंग तोंड धुऊन आला. ओळंबा घेतला, कुदळ घेतली. दारात थांबला. मळ्यातल्या गड्यांना त्यानं निरोप धाडला होता, पाणी ओतून लांब बांबूनं वरूनच गाळ ढवळून ठेवा, दुपारपर्यंत हवा सुटू द्या, आणि बिडी घेऊन कुणी जवळ येऊ नका.

"माय, यायलीस न्हवं?"

सगुणाबाई उठली. सवयीनं तिचा हात खुंटीकडं गेला, कंदिलाच्या थंड पत्र्यावर क्षणभर टेकला आणि खाली आला. दोराचं वेटोळं उंबऱ्यापाशी होतं. तिनं ते उचलून खांद्यावर घेतलं. हाताला रुख्मिणीनं चिंधी बांधली होती, तिच्यातून दोराचा काथ्या टोचत होता.

शाळेच्या भिंतीवर नामांतराची निळी अक्षरं पावसापाण्यानं फिकी पडली होती. भुजंग तिथून पुढं झाला, पांदीला लागला. दोन्ही बाजूंनी ज्वारी सळसळत होती. मग पुढं चालणाऱ्या भुजंगनं, मागं न बघता, हलक्या आवाजात म्हटलं,

*लेक बसला शेजारी, नगं जाऊ माये दूर*

कालची राहिलेली ओळ.

सगुणाबाईनं दोर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला, आणि आता खाली उतरल्यावर त्याला पहिली ओळ कोणती घालायची, ती शोधत त्याच्यामागं चालू लागली.